एंडोस्कोपीची नळी दोन पेशंटच्या मध्ये खरंच नीट धुतात का? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात आईची एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघायची तपासणी) आहे. वय ६८, हिमोग्लोबिन सारखं खाली येतंय आणि रक्त कुठून जातंय ते कळत नाही. गरज पडली तर कोलोनोस्कोपीही (खालून नळी घालून मोठं आतडं बघणं) करू म्हणालेत. डॉक्टर नावाजलेले आहेत, त्यांच्या हाताबद्दल काही म्हणणं नाही.

तारीख घ्यायला गेलो तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडं होतं. एका पेशंटची नळी बाहेर काढली, तिथल्या मुलाने ती कपड्याने पुसली, हिरवट द्रावणाच्या लांबट टबात सोडली आणि थोड्याच वेळात पुढच्याचं नाव पुकारलं. मी बाहेर चहा घेत होतो, तो संपायच्या आत.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. ही नळी उकळत का नाहीत? सुईसारखी वापरून फेकून का देत नाहीत? आणि पेशंटच्या माणसाने नेमकं काय विचारावं, की माहितीही मिळेल आणि डॉक्टरही बिनसणार नाहीत?

सध्या बेत असा आहे की सकाळचा पहिला नंबर लावायचा, म्हणजे रात्रभर धुऊन ठेवलेली नळी मिळेल. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कृपया व्यक्तिगत निरोपातही विचारू नये.

शेंगाचटणी

पहिला नंबर बेस्ट. वडिलांच्या वेळी आम्ही तेच केलं. काही त्रास झाला नाही.

बाळीवेस_बॉय

एक शंका. वरून घालायची आणि खालून घालायची नळी एकच असते काय बे? एकच असेल तर आधी कुठलं करूलालेत ते तेवढं विचारून घ्या :)

सातरस्ता

हसून हसून पुरेवाट. आता माझी पुढच्या महिन्यातली तपासणी मी रद्द करतो.

स्कोपवालीताई

मी एंडोस्कोपी टेक्निशियन. आधी सोलापुरात होते, आता पुण्यात. जरा सविस्तर लिहिते, कारण आम्हाला हे कुणी विचारतच नाही.

आधी बाळीवेसचं. नळ्या दोन वेगळ्या असतात. जठराची साधारण एक मीटरची, मोठ्या आतड्याची त्याहून लांब आणि जाड. धुण्याची पद्धत मात्र दोन्हींची सारखी, आणि तशीच हवी.

उकळत का नाहीत? ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंशांची वाफ असते. स्कोपच्या, म्हणजे या नळीच्या, टोकाला कॅमेरा, भिंगं, चिकटवलेले सांधे, वाकणाऱ्या भागावर पातळ रबर. एका फेरीत कारभार आटोपेल. म्हणून रसायनात बुडवावं लागतं.

पण तुम्ही बघितलेला टब ही बरीच नंतरची पायरी. नळी पेशंटच्या बाहेर आली की तिथेच कॉटशेजारी बाहेरून पुसायची आणि एन्झाइमचं पाणी सक्शनने आतून ओढायचं. मग लीक टेस्ट: स्कोपमध्ये हवा भरून तो पाण्यात बुडवायचा, टोक चारी बाजूंना वाकवत बुडबुडे येतात का बघायचं. मग ब्रश. बायोप्सीचा (तपासायला आतला तुकडा तोडायचा) चिमटा ज्या वाटेने आत जातो ती जठराच्या स्कोपमध्ये साधारण २.८ मिलिमीटरची असते. त्या अख्ख्या वाटेतून लांब ब्रश ढकलायचा. टोकातून बाहेर आला की त्याचे केस पाण्यातच बोटांनी साफ करायचे आणि मगच मागे ओढायचा, नाहीतर काढलेली घाण परत आत. ब्रश स्वच्छ निघेपर्यंत हेच. सक्शनच्या भोकातून दोन वाटा फुटतात, एक पेशंटकडच्या टोकाला जाते, दुसरी मशीनकडे. नवी पोरं दुसरी हमखास विसरतात. बटणं, झडपा काढून वेगळ्या घासायच्या.

एवढं झालं की खळबळून, निथळून मग टब. हिरवट म्हणजे ग्लुटाराल्डिहाइड असणार, त्याला सगळे सायडेक्सच म्हणतात. २ टक्के, किमान २० मिनिटं, आणि नुसतं बुडवून नाही, सिरिंजने आतल्या वाटा त्याच द्रावणाने भरायच्या. निळसर असतं ते ओपीए नावाचं दुसरं औषध, त्याला वेळ कमी लागतो. अमेरिकेत १२ मिनिटं धरतात. त्यानंतर आतून-बाहेरून धुणं, अल्कोहोल, हवा मारून कोरडं करणं आणि टांगणं.

हे सगळं एका चहात बसत नाही. पण त्यांच्याकडे दुसरा तयार स्कोप असेल तर पुढचा पेशंट लगेच घेता येतो. तो पुढचा पेशंट टबातल्याच स्कोपने केला की दुसऱ्या, ते तुम्ही बघितलं का?

जुळेसोलापूरकर

नाही ताई. तेवढ्यात दार लोटलं. दुसरा असेलही.

अक्षता

ताई, बाहेर काढल्याबरोबर धुवायची एवढी घाई कशाला? शेवटी औषधात बुडवायचीच आहे ना?

स्कोपवालीताई

भाकरीच्या पिठाची परात लगेच धुतली तर हातासरशी निघते, दुपारपर्यंत ठेवली तर उलथन्याने खरवडावी लागते. आत रक्त, शेंबूड, अन्नाचे कण असतात. ते वाळले की ब्रशला दाद देत नाहीत. त्यावरून ग्लुटाराल्डिहाइड गेलं तर ते प्रथिनं आणखी घट्ट बसवतं. कंपन्या तासाभराच्या आत घासून काढा म्हणतात. तासाच्या पुढे गेलं तर एन्झाइममध्ये जास्त वेळ भिजवायचा नियम आहे. सोलापूरच्या मे महिन्यात तर तासाची वाटच बघू नका, ४३ अंशात सगळं कडकडीत होतं.

बाळीवेस_बॉय

दुपारी परात भिजत घालायचं विसरलो म्हणून बायकोने लई बोलणी घातली होती. आता तिला हा प्रतिसाद दाखवायचा नाही.

पार्कचौक

लोकांना उगाच घाबरवू नका. एंडोस्कोपीतून संसर्ग व्हायचं प्रमाण १८ लाखांत १ असं वाचलं आहे. घरून दवाखान्यापर्यंत रिक्षाने जाण्यात जास्त धोका आहे, त्यातही विजापूर रोडने गेलात तर विचारूच नका. रक्त जाण्याचं कारण वेळेत सापडलं नाही तर त्याचा धोका किती, तेही कुणीतरी लिहा.

जंतूशास्त्री

पार्कचौक, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. जुळेसोलापूरकर, आईची तपासणी पुढे ढकलू नका.

१८ लाखांत १ शी मात्र असहमत. तो आकडा जुना आहे, १९९३ च्या आसपासचा, आणि ज्या केसेस छापून आल्या तेवढ्याच धरून काढलेला. पेशंट घरी जातो, आठवड्याने ताप येतो, तो घराजवळच्या डॉक्टरकडे जातो. एंडोस्कोपीशी त्याचा संबंध कोण जोडणार? हिपॅटायटिस सी झाला तर कळायला कित्येक वर्षं जातात.

दोन उदाहरणं देतो. फ्रान्समध्ये एकाच कोलोनोस्कोपमधून दोन रुग्णांना हिपॅटायटिस सी गेला, ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. औषध तिथेही वापरत होते. पण चिमट्याच्या वाटेत ब्रशच घालत नव्हते आणि चिमटे ऑटोक्लेव्ह करत नव्हते. ताई वर ज्यावर एवढं लिहितायत, नेमकं तेच.

दुसरं २०१५ चं, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या रुग्णालयातलं. पित्तनलिकेत जायचा जो स्कोप असतो, ड्युओडेनोस्कोप, त्यातून बहुतेक अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू पसरला. १७९ जण संपर्कात आले, ७ जणांना संसर्ग झाला, त्यातले दोन दगावले. तिथे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे धुतलेलं होतं. त्या स्कोपच्या टोकाला तार वळवायचा एक बारीक हलता तुकडा असतो, त्याच्या मागे ब्रश नीट पोहोचत नाही. नंतर अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) कंपन्यांना नीट धुतलेले स्कोप तपासायला लावले, तर ५.४ टक्क्यांपर्यंत नमुन्यांत धोकादायक जंतू सापडले. २०१९ मध्ये त्यांनी टोक बदलता येणारे किंवा एकदाच वापरायचे ड्युओडेनोस्कोप घ्या असं सांगितलं.

आईची तपासणी ती नाही. साध्या जठराच्या स्कोपला तो तुकडा नसतो. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर रात्री गूगल करत बसाल.

पार्कचौक

बरं, आकडा मागे घेतला. रिक्षा मागे घेत नाही.

सातरस्ता

आमच्या काकांना पित्ताच्या खड्यांसाठी तेच तारेचं केलं होतं, ईआरसीपी. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, परत भरती, लाखाच्या वर बिल. म्हणजे तो स्कोपचाच दोष ना?

जंतूशास्त्री

असं लगेच म्हणता येणार नाही. पित्तनलिका तुंबलेली असेल तर पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातले जंतू वर चढूनही असाच ताप येतो, आणि तेच जास्त वेळा घडतं. एकाच स्कोपच्या लागोपाठच्या दोन-तीन पेशंटांमध्ये एकच जंतू सापडला तर संशय घ्यावा. त्यासाठी कुठला स्कोप कुणाला वापरला याची नोंद लागते. ती नसेल तर पुढे सगळे तर्कच.

उजनीचंपाणी

धागा चुकला की काय माहीत नाही, पण ताईंनी एक गोष्ट सोडली. औषधातून काढल्यावर ‘भरपूर पाण्याने धुणं’. कुठल्या पाण्याने? आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. तेही रात्री अडीचला. हॉस्पिटलवाले सिंटेक्स भरून ठेवतात नाहीतर टँकर मागवतात. धरण शंभर टक्के भरलं की पेपरात फोटो, आणि आम्ही बादल्या लावून...

संपादक मंडळ

पाणीपुरवठ्यावर स्वतंत्र धागा आहे, चौथ्या भागापर्यंत पोहोचला आहे. तिथे लिहावे.

जंतूशास्त्री

संपादक, माफ करा, पण उजनीचंपाणी यांचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात सोलापुरी आणि सगळ्यात नेमका प्रश्न आहे. टाकीत दिवसेंदिवस साठलेल्या पाण्यात स्युडोमोनास नावाचा जंतू मजेत राहतो. २० मिनिटं औषधात घालून सगळं मारायचं आणि मग त्याच टाकीच्या पाण्याने धुऊन नवीन जंतू आत सोडायचे, असं होतं. शेवटचं धुणं निर्जंतुक पाण्याने किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आलेल्या पाण्याने करायला हवं. नुसतं ‘आरओ आहे’ म्हणणं पुरेसं नाही. आरओचीही टाकी असते आणि ती कधी धुतली ते कुणाला माहीत नसतं.

उजनीचंपाणी

वाचनखूण साठवली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पाण्याच्या प्रतिसादाला नेमका म्हटलं.

रेल्वेलाइन्सचा_डॉक्टर

मी गॅस्ट्रो (पोटविकारतज्ज्ञ) नाही, सर्जन आहे, पण स्कोपी करतो. जुळेसोलापूरकर, दार उघडं होतं म्हणून डोकावून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. मामाने (वॉर्डबॉयने) पुसलेली नळी बघितलीत, आतल्या खोलीत सिस्टर काय करतात ते बघितलं नाही. आता पेशंट मोबाइलवर यादी घेऊन येतात आणि उलटतपासणी घेतात. विश्वास नसेल तर येऊ नये.

अक्षता

डॉक्टर, त्यांनी हॉस्पिटलचं नाव लिहिलं नाही, आरोप केला नाही, उलट कसं विचारू म्हणजे तुम्ही बिनसणार नाही असं विचारलं. आणि तुम्ही बिनसलात.

रेल्वेलाइन्सचा_डॉक्टर

मुद्दा मान्य. विचारण्याचा राग नाही, विचारण्याच्या तऱ्हेचा येतो. ‘तुमच्याकडे धुतात का हो?’ असं ओपीडीच्या गर्दीत, दहा माणसांसमोर विचारलं तर मी काय सांगणार? त्यापेक्षा आदल्या दिवशी टेक्निशियनला किंवा सिस्टरला शांतपणे विचारा. ज्यांचं काम चोख असतं ते आनंदाने दाखवतात.

आणि दुसरी बाजूही ऐका. नवीन स्कोपला कित्येक लाख पडतात. पेशंट दर विचारतो तेव्हा शेजारच्या गल्लीत दोनशे रुपये कमी आहेत असं सांगतो. ते दोनशे रुपये कुठून कमी होतात याचा विचार कुणी करत नाही.

भिंगवाला

मी स्कोप दुरुस्तीत आहे. सोलापूर, लातूर, धाराशिव, विजापूर असा फिरतो. डॉक्टर, सिस्टर, मामा सगळे ओळखीचे, त्यामुळे ठिकाणं विचारू नका.

स्कोप बाहेरून चकचकीत दिसतो. आम्ही चिमट्याच्या वाटेत बोरस्कोप घालतो, म्हणजे स्कोपच्या आत जाणारा आणखी बारीक कॅमेरा. मग खरी गंमत दिसते. चिमटा आत ढकलताना जोर केला किंवा जबडा उघडा राहिला की वाटेच्या भिंतीवर ओरखडे पडतात. त्या ओरखड्यात पिवळट-तपकिरी थर धरलेला असतो. ब्रश वरून फिरतो, खाचेत जात नाही. कधी ब्रशचेच तुटलेले केस अडकलेले. कधी आत पाण्याचे थेंब जसेच्या तसे, म्हणजे ‘कोरडा करून ठेवलेला’ स्कोप आतून ओला. आणि पांढरे कण. पोटातला फेस बसावा म्हणून सिमेथिकोनचे थेंब देतात ना, ते पाण्याच्या बाटलीत टाकले तर हवा-पाण्याच्या बारीक वाटेत साचतात. त्या वाटेत ब्रशही जात नाही.

टोकाला भिंग लावून बघितलं तर कॅमेऱ्याच्या कडेचा गोंद तडकलेला दिसतो. वाकणाऱ्या रबराला टाचणीएवढं भोक असतं, बहुतेक वेळा पेशंटच्या दाताचं, तोंडातली प्लास्टिकची रिंग निसटली की. अशा भोकातून पाणी आत जातं आणि मग कॅमेरा जातो. लीक टेस्ट रोज केली तर छोट्या खर्चात भागतं. लोक करत नाहीत, कारण लीक सापडला तर स्कोप दुरुस्तीला द्यावा लागतो आणि उद्याची लिस्ट लागलेली असते.

बोरस्कोप काही फार महाग वस्तू नाही. आमच्या पट्ट्यात तो स्वतःचा घेतलेला फारसा कुणी भेटला नाही.

शेंगाचटणी

अरे देवा. म्हणजे दुर्बीण बघायला दुर्बीण, मग ती दुर्बीण बघायला...

बाळीवेस_बॉय

शेवटच्या दुर्बिणीत भिंगवाला स्वतः बसलेला असतो.

भिंगवाला

:) बोरस्कोपही पुसावा लागतो, बरोबर आहे. तो स्वच्छ केलेल्या स्कोपमध्येच घालायचा आणि बघून झालं की स्कोप पुन्हा ब्रशपासून सगळं. काही ठिकाणी बघून झालं की सरळ कपाटात टांगतात, ते चूक.

कडकभाकरी

डोळ्याला दिसत नाही असं काही राहिलं तर? त्याची काही टेस्ट नाही का?

स्कोपवालीताई

आहे. एटीपी टेस्ट. ब्रशने घासून झाल्यावर, औषधात घालायच्या आधी, आतल्या वाटेतून पाणी किंवा लांब स्वॅब फिरवायचा आणि मशीनमध्ये घालायचा. एटीपी हे जिवंत पेशीतलं रसायन, ते उरलं असेल तर त्याचा उजेड पडतो, मशीन आकडा दाखवतं. २०० च्या वर गेला तर परत घासा. मिनिटभरात कळतं. त्यात जंतू किती ते कळत नाही, घासणं नीट झालं का तेवढं कळतं. जंतूंसाठी कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं, त्याला दोन-तीन दिवस.

आमच्याकडे हे मशीन आल्यावर पहिल्या आठवड्यात चांगल्या चांगल्यांची तोंडं उतरली. मग ब्रशिंग आपोआप सुधारलं. अवांतर: औषधाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, काहींना दम लागतो, आणि खोलीला एक्झॉस्ट नसतो. लाखोंचा स्कोप ज्याच्या हातात द्यायचा त्याला धड गॉगल देत नाहीत. हे कुणी विचारलं नाही, तरी सांगते.

होटगीरोड

माझा अनुभव. मला आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या करायला लावल्या, त्याशिवाय एंडोस्कोपी नाही म्हणाले. पॉझिटिव्ह असेल त्याला शेवटी घेतात म्हणे. ही पद्धत मला आवडली. निदान काळजी घेतात.

जंतूशास्त्री

बऱ्याच ठिकाणी करतात, पण त्यातून सुरक्षितता वाढते असं समजू नका. संसर्ग नुकताच झालेला असेल तर तपासणी निगेटिव्ह येते. आणि ज्यांची आपण तपासणीच करत नाही असे जंतू कितीतरी. नियम असा की प्रत्येक पेशंट पॉझिटिव्ह आहे असं धरूनच स्कोप धुवायचा. तसा धुतला तर पॉझिटिव्हला पहिला घ्या नाहीतर शेवटी, फरक पडत नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू तर या औषधांपुढे लगेच मान टाकतात. टीबीचे जंतू त्यांच्याहून चिवट.

होटगीरोड

म्हणजे माझे तपासणीचे पैसे?

जंतूशास्त्री

तुमची हिपॅटायटिसची तपासणी झाली, हे चांगलंच. त्याचा फायदा तुम्हाला, पुढच्या पेशंटला नाही.

स्कोपवालीताई

आता पहिल्या नंबराबद्दल. जुळेसोलापूरकर, शेंगाचटणी, दोघांचीही माफी मागून. सकाळचा पहिला नंबर सगळ्यात सुरक्षित असतो असं नाही. कधी कधी उलटंच असतं. संध्याकाळी शेवटची केस झाली, सगळ्यांना घरी जायची घाई, स्कोप धुतला पण आतून हवा मारून कोरडा केला नाही. आतल्या वाटेत ओल राहिली की रात्रभरात जंतू वाढतात, थर धरतात. त्या थराला बायोफिल्म म्हणतात आणि तो एकदा बसला की औषधालाही लवकर दाद देत नाही. सकाळी पहिला पेशंट त्याच स्कोपचा. म्हणून कोरडा करायला कमीत कमी दहा मिनिटं हवा मारायची. तरीही खात्री नसेल तर सकाळी लिस्ट सुरू करायच्या आधी स्कोप पुन्हा औषधातून काढतात.

स्कोप कपाटात उभा, सरळ, झडपा काढून टांगलेला असावा. ज्या फोमच्या पेटीतून नवीन येतो त्या पेटीत कधीच नाही. फोम ओल धरतो. बाहेरगावचे डॉक्टर व्हिजिटला येताना स्कोप पेटीत घालून गाडीच्या डिकीतून आणतात. तसं असेल तर आल्यावर पुन्हा धुणार का, हे जरूर विचारा.

शेंगाचटणी

मी पहिल्याच प्रतिसादात ‘बेस्ट’ लिहिलं होतं. प्रतिसाद काढून टाकू का?

पार्कचौक

राहू द्या. नाहीतर ताईंचा प्रतिसाद कुणाला ते कळणार नाही.

रेल्वेलाइन्सचा_डॉक्टर

ताईंचा मुद्दा बरोबर. त्यात माझी भर: एकच प्रश्न विचारायचा असेल तर ‘स्कोप किती आणि सकाळच्या लिस्टमध्ये पेशंट किती’ हा विचारा. एका स्कोपला पेशंटपासून पुढच्या पेशंटपर्यंत, ब्रश, २० मिनिटं औषध, धुणं, वाळवणं धरून, पाऊण तास तरी हवा. शिवाय तपासणीची दहा मिनिटं. म्हणजे एक स्कोप तीन तासांत तीन, फार तर चार पेशंट करतो. दोन स्कोप असतील तर सहा ते आठ. दोन स्कोप आणि तीन तासांत वीस पेशंट असं उत्तर आलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही. ऑटोमॅटिक वॉशर असला तरी हे गणित फार बदलत नाही, आणि त्यात घालायच्या आधी हाताने ब्रश करावाच लागतो.

अक्षता

डॉक्टर, हा प्रतिसाद पहिलाच लिहिला असता तर :)

कडकभाकरी

ते वापरून फेकायचे स्कोप आपल्याकडे मिळत नाहीत का?

रेल्वेलाइन्सचा_डॉक्टर

निघाले आहेत. पूर्ण डिस्पोजेबल ड्युओडेनोस्कोपला अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये परवानगी मिळाली. पण प्रत्येक पेशंटला नवा स्कोप म्हटल्यावर त्याची किंमत थेट बिलावर. साध्या एंडोस्कोपीला आपल्याकडे ते परवडणार नाही, आणि नीट धुतलेल्या साध्या स्कोपला त्याची गरजही नाही. आणखी एक, चिमटा वेगळा विषय. तो आतून तुकडा तोडतो, म्हणजे रक्ताशी संबंध. तो निर्जंतुकच हवा, ऑटोक्लेव्ह केलेला नाहीतर नवा. ‘एकदाच वापरा’ लिहिलेला चिमटा धुऊन परत वापरणं मला पटत नाही. कोण वापरतं ते विचारू नका.

भिंगवाला

नाही विचारत :)

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर गेलो. सिस्टरांना सांगितलं की आईला भीती वाटते म्हणून विचारतोय (आईला काही भीती नाही, ती मलाच शांत बस म्हणते). त्या हसल्या आणि आत घेऊन गेल्या.

जठराचे तीन स्कोप, कोलोनोस्कोप एक. त्या दिवशी मी बघितलेला स्कोप टबातच होता आणि पुढचा पेशंट दुसऱ्या स्कोपने केला, असं रजिस्टरमध्ये दिसलं. पेशंटचं नाव, स्कोपचा नंबर, टबात घातल्याची आणि काढल्याची वेळ, सही. औषधाची ताकद बघायची पट्टी रोज सकाळी लावतात, ती त्यांनी माझ्यासमोर पुन्हा लावून दाखवली. टबावर द्रावण बनवल्याची तारीख होती, १४ दिवसांनी फेकतात म्हणाल्या. लांब ब्रश ओल्या ट्रेमध्ये होते, वापरातले वाटले.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. शेवटचं धुणं टाकीच्या नळालाच. फिल्टर मागवलाय म्हणाल्या, पण कधीपासून मागवलाय ते सांगितलं नाही. आणि वाळवायचं कपाट नाही, भिंतीला हुक आहेत, तेही खिडकीजवळ. बोरस्कोप हे नाव त्यांनी ऐकलं होतं, बघितला नव्हता.

तपासणी तिथेच करायची ठरवली. पहिला नंबर नको म्हटलं, तिसरा घेतला.

जंतूशास्त्री

चांगलं केलंत. पाण्याचं लावून धरा. तोपर्यंत बाटलीबंद निर्जंतुक पाण्याने शेवटचं धुणं करता येतं, स्कोपमागे फार खर्च नाही. एवढं सुचवलं तर सिस्टर नाही म्हणणार नाहीत.

सातरस्ता

कोलोनोस्कोपी ठरली तर आदल्या दोन दिवसांत आईंना शेंगाचटणी, तीळ, टोमॅटोच्या बिया काही देऊ नका. आम्हाला डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

शेंगाचटणी

मी काय केलं आता?

स्कोपवालीताई

ते खरं आहे हो. दाण्याचे तुकडे आणि बिया सक्शनच्या वाटेत अडकतात. एकदा ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आलेल्या पेशंटने पोट साफ करायचं औषध अर्धंच घेतलं होतं आणि आदल्या रात्री चटणी-भाकरी दाबून खाल्ली होती. अर्धा वेळ सक्शन मोकळं करण्यातच गेला, तपासणी अर्धवट सोडून पुन्हा बोलवावं लागलं. नंतर तो स्कोप घासताना ब्रशला जे काही लागत होतं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील.

होटगीरोड

कान-नाक-घशाचे डॉक्टर ओपीडीत नाकातून बारीक दुर्बीण घालतात, तिलाही हे सगळं लागू आहे का? मागे माझ्या वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढच्याला वापरली होती.

स्कोपवालीताई

लागू आहे. त्यातल्या बऱ्याच दुर्बिणींना आत चिमट्याची वाट नसते, त्यामुळे ब्रशचं काम वाचतं. पण ती नाकाच्या, घशाच्या ओल्या त्वचेला लागते, म्हणून वर्ग तोच. धुऊन औषधात पूर्ण वेळ. प्रत्येक पेशंटला नवीन आवरण घातलं तरी ते काढल्यावर धुऊन औषधात घालायचीच. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही. पुढच्या वेळी बोळा दिसला की खुर्चीत बसायच्या आधीच विचारा, दुर्बीण नाकात गेल्यावर बोलता येत नाही.